फुलोऱ्याच्या नोंदी: बाग आणि तिच्यामागची जंगलवाट

२८ जानेवारी

आखणी आज पूर्ण झाली. बागेतील दहा आणि बागेच्या मागच्या दारापासून टेकडीच्या धारेपर्यंत जाणाऱ्या जंगलवाटेवरील चौदा, अशा २४ झाडांना क्रमांक दिले आहेत. आजपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दर चौथ्या दिवशी, सकाळी साडेसहा ते साडेनऊ या वेळेत, त्याच झाडांची त्याच क्रमाने नोंद घ्यायची आहे. या कामातून वाटेच्या तोंडाशी लावण्यासाठी एक फलक तयार व्हावा, ही अपेक्षा आहे. फुलोरा पाहायला येणाऱ्याला कोणत्या वळणावर, कोणत्या सुमारास आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी थांबावे, हे त्यावरून कळले पाहिजे. आजवर आम्ही हे अंदाजाने सांगत आलो आणि त्या अंदाजावर विसंबून आलेली माणसे बरेचदा उशिरा पोहोचून गळलेल्या फुलांवरून चालत परत गेली.

नोंदीसाठी पाच अवस्था ठरवल्या आहेत: कळी नाही, कळ्या आल्या, पहिले फूल, बहर आणि ओसर. क्रमांकाच्या चिठ्ठ्या आधी तारेने बांधल्या होत्या, परंतु खोड जाड होत जाते तशी तार सालीत रुतते हे ध्यानात आल्याने सर्व चिठ्ठ्या सोडवून सुती दोरीने सैल बांधल्या. त्यात अर्धा दिवस गेला.

१ फेब्रुवारी

पहिली फेरी. जंगलवाट अजून करड्या रंगाची आहे. सागाची पाने पायाखाली वाजतात, त्यामुळे पक्षी जवळ जाण्यापूर्वीच उडून जातात. पुढच्या फेरीपासून वाटेच्या मधल्या मळलेल्या पट्ट्यावरूनच चालायचे ठरवले.

क्रमांक ११ या काटेसावरीवर मात्र पहिले फूल उमललेले होते, म्हणजे आमच्या तक्त्यात जी सुरुवात फेब्रुवारीच्या मध्याला धरली होती ती आधीच झालेली आहे. पंचांगातला वसंत चैत्रापासून धरतात, पण झाडे माघातच कामाला लागलेली असतात. बागेत गिरिपुष्पाच्या उघड्या फांद्यांवर गुलाबी कळ्यांचे घोस आहेत. सीता अशोक, रक्तकांचन आणि वायवर्ण यांच्यावर अद्याप काही नाही.

५ फेब्रुवारी

काटेसावरीखाली पडलेले एक फूल उचलून घरी आणले आणि टेबलावर ठेवून सावकाश उलगडले. हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवते ते त्याचे वजन. पाकळ्या पाच आणि इतक्या मांसल की वाकवल्यास त्या मुडपत नाहीत, मोडतात. आतल्या बाजूने लाल आणि तुळतुळीत असलेली पाकळी बाहेरून फिकट असून तिच्यावर बारीक लव आहे. तळाशी पेल्यासारखा जाड हिरवा निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांखालचे आवरण, आहे, आणि फूल फांदीवर असताना मध साठतो तो याच पेल्यात. पुंकेसर पाच जुडग्यांत बाहेरच्या कडेला आणि एका जुडग्यात मधोमध लागलेले होते. मी मोजले तेव्हा ते ७१ भरले. दुसरे फूल मोजले तर संख्या वेगळी आली, त्यामुळे फलकावर आकडा न देता ‘साठहून अधिक’ एवढेच लिहीन.

ही सर्व रचना पाहुण्यांसाठी आहे. दिवसा साळुंक्या, बुलबुल, कोतवाल आणि खारी, तर रात्री वटवाघळे या फुलांवर येतात, आणि मधासाठी पेल्यात तोंड घालणाऱ्या प्रत्येकाला परागांची दाट कुंचली ओलांडूनच आत जावे लागते. नाजूक पाकळी असती तर साळुंकीच्या पायाखाली पहिल्याच भेटीत फाटली असती.

१३ फेब्रुवारी

पांगाऱ्याची चूक आज उघड झाली. जंगलवाटेवरील क्रमांक १६ आणि बागेतील क्रमांक ८ ही दोन्ही झाडे मी एकाच जातीची म्हणून नोंदवली होती आणि दोहोंच्या तारखांची तुलना करण्याचा माझा विचार होता. बागेतील माळीकाकांनी सहज वाटेवर सोबत येण्याचे ठरवले आणि १६ क्रमांकापाशी ते थांबले. “ताई, हे तुमच्या बागेतल्यासारखं नाही. डोळ्यांनी नको, हाताने बघा,” एवढेच ते म्हणाले. खोडावर हात ठेवल्यावर फरक लगेच लक्षात आला. बागेतल्या पांगाऱ्याची साल तुलनेने गुळगुळीत आणि पातळ आहे, तर या झाडाची साल जाड, खोल भेगांची आणि नखाने दाबली असता बुचासारखी दबणारी आहे. बागेतला पांगारा ‘एरिथ्रिना व्हेरिएगाटा’ आणि वाटेवरचा ‘एरिथ्रिना सुबेरोसा’ असून, दुसऱ्या नावातील लॅटिन शब्द बुचावरूनच आलेला आहे.

फुलांवरूनही फरक करता येतो. बागेतल्या पांगाऱ्याच्या फुलाचा निदलपुंज एका बाजूने बुडापर्यंत चिरत जातो आणि मागे राहिलेला भाग म्यानासारखा दिसतो. वाटेवरच्या झाडाचा निदलपुंज मात्र घंटेसारखा राहून दोन ओठांत उघडतो. तक्त्यात दुरुस्ती केली आणि तुलनेचा बेत रद्द केला. दोन वेगळ्या जातींच्या तारखा शेजारी मांडून त्यांतून उताराचा आणि उन्हाचा परिणाम शोधत बसलो असतो, तर सगळीच मेहनत चुकीच्या दिशेने गेली असती. माळीकाकांचे मनापासून आभार मानले आणि पुढील सर्व फेऱ्यांना सोबत येण्याची त्यांना विनंती केली, जी त्यांनी मान्य केली आहे.

१७ फेब्रुवारी

पळसाचे पहिले फूल क्रमांक १४ वर, सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी दिसले. १५ वर कळ्या आहेत. १७ आणि १९ वर काहीच नाही.

कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच ही म्हण पानांवरून आली, पण ज्या दिवसांसाठी आपण या झाडाकडे जातो त्या दिवसांत त्यावर पान बहुधा नसतेच. पानगळीच्या जंगलातील इतक्या झाडांनी निष्पर्ण अवस्थेतच का फुलावे, यामागे पाण्याचा हिशेब आहे. पाने असेपर्यंत झाडातले पाणी पानांवाटे सतत बाहेर जात असते. ती गळाली की हा खर्च थांबतो, खोड आणि फांद्यांत पाण्याचा साठा पुन्हा भरत जातो आणि त्या बळावर कळ्या फुगतात. एकही सर पडलेली नसताना, जमीन टणक असताना फुलोरा येतो तो या साठ्यावर. शिवाय आड येणारे पान नसल्यामुळे लांबूनच पक्ष्यांना रंग दिसतो, आणि उन्हाळ्यात पिकलेले बी पावसाच्या तोंडावर जमिनीवर पोहोचते.

२१ फेब्रुवारी

आजचा बहुतेक वेळ क्रमांक १४ पाशीच गेला. पळसाचे फूल हातात घेऊन बघण्याची घाई सगळ्यांनाच असते, पण ते फांदीवर असताना पाहणे अधिक उपयोगाचे आहे, कारण त्याच्या प्रत्येक भागाचे काम तिथेच समजते. कळी काळपट तपकिरी, मखमलीसारख्या निदलपुंजात असते. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या पाच पाकळ्यांपैकी एक रुंद पाकळी मागे वळते, तिला ध्वज म्हणतात. दोन बाजूंच्या पाकळ्या म्हणजे पंख, आणि उरलेल्या दोन जोडून झालेली, पोपटाच्या चोचीसारखी बाकदार नौका. पाकळ्यांच्या बाहेरील बाजूवर चंदेरी, रेशमी लव असते. उन्हाच्या तिरिपेत संपूर्ण झाडावर जी रुपेरी झाक चढते ती या लवेमुळे, हे मला इतक्या वर्षांनी आज जवळून बघितल्यावर कळले.

दहा पुंकेसर आणि स्त्रीकेसर त्या नौकेत दडलेले असतात. जांभळा शिंजीर मधासाठी फुलाच्या बुडाशी चोच घालतो, नौका दाबली जाते आणि आतले केसर बाहेर येऊन पक्ष्याला स्पर्श करतात. तो पुढच्या फुलावर, पुढच्या झाडावर गेला की परागही जातात. अर्ध्या तासात एका फांदीवर शिंजिराच्या नऊ फेऱ्या मोजल्या. खारीही फुलांवर आल्या होत्या. काही पक्षी मात्र फुलाच्या समोरून न येता बाजूने भोक पाडून मध नेतात आणि केसरांना शिवतही नाहीत, त्यांची नोंद वेगळ्या रकान्यात केली आहे.

साडेआठच्या सुमारास भोरड्यांचा थवा आला आणि झाड अक्षरशः आवाजाने भरून गेले. या पक्ष्याला पळसमैना असेही नाव आहे. मध्य आशियाकडे वीण करणारा हा पाहुणा हिवाळ्यात आपल्याकडे असतो आणि परतीच्या प्रवासापूर्वीचे त्याचे दिवस पळस, पांगारा आणि काटेसावर यांच्या फुलोऱ्याशी नेमके जुळतात. ज्याला एकच सकाळ मोकळी आहे त्याने ती या झाडाखाली घालवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

१ मार्च

अवस्थांच्या व्याख्येबद्दल सहकाऱ्यांशी मतभेद झाला. ‘बहर’ म्हणजे काय, हे दोघांनी वेगवेगळे धरले होते. त्यांना झाड लांबून तांबडे दिसले की बहर वाटत होता, मला फांद्यांवरील कळ्यांपेक्षा उमललेली फुले जास्त झाल्यावर. शेतीशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या बीबीसीएच या मापनात १० टक्के फुले उमलल्यावर फुलोऱ्याची सुरुवात आणि ५० टक्के उमलल्यावर पूर्ण बहर मानतात. तेच प्रमाण आम्ही स्वीकारले आणि मागील नोंदींपैकी छायाचित्रे असलेल्या नोंदी पुन्हा तपासल्या. ज्यांची छायाचित्रे नाहीत त्या जशा आहेत तशा ठेवून त्यांच्यापुढे खूण केली आहे.

हा काटेकोरपणा अनावश्यक वाटू शकेल, पण तारखांना मोल येते ते व्याख्या न बदलता त्या दीर्घकाळ टिपल्या जातात तेव्हाच. रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ साली इंग्लंडातील नॉरफक परगण्यात वसंताच्या खुणांच्या तारखा लिहायला सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्याने हे काम १९५८ पर्यंत चालू ठेवले. क्योतो येथील चेरीच्या बहराच्या नोंदी तर नवव्या शतकापर्यंत मागे जातात, आणि म्हणूनच २०२१ मधील २६ मार्च ही तोवरच्या बाराशेहून अधिक वर्षांतील बहराची सर्वांत लवकरची तारीख होती, हे सांगता आले. या अभ्यासाला ‘फेनॉलॉजी’ हे नाव १८४९ साली बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल मॉरेन यांनी दिले. आमच्या २४ झाडांची वही त्या मानाने आजच सुरू झालेली आहे, तरी ती नीट सुरू व्हावी.

५ मार्च

बागेचा दिवस. सोनसावरीच्या पानाविना उभ्या फांद्यांच्या टोकांना पिवळीधमक, तळहाताएवढी फुले आहेत, आणि त्यांच्याजवळ उभे राहिल्यावर जो आवाज येतो तो नेहमीच्या गुणगुणण्याहून वेगळा, खर्जातला आणि तुटक आहे. या फुलाचे परागकोश उभे फाटत नाहीत. त्यांच्या टोकाशी बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून पराग हलवूनच बाहेर काढावा लागतो. भुंगा पुंकेसरांना मिठी मारतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, आणि त्या कंपाने पराग त्याच्या पोटावर झडतो. आवाज त्या थरथरण्याचा असतो. फलकावर सोनसावरीपुढे ‘कान देऊन ऐकावे’ असे लिहायचे ठरले.

सीता अशोकाच्या खोडालगतच्या जुन्या फांद्यांवर गुच्छ आले आहेत. या फुलांना पाकळ्या नसतात. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ते चार रंगीत निदल असतात, आणि फूल जुने होत जाते तसा त्याचा रंग पिवळ्यावरून नारिंगी व मग लाल होतो, त्यामुळे एकाच गुच्छात तिन्ही रंग दिसतात. बागेत येणारी बरीच मंडळी कुंपणाच्या उंच, सरळ आसुपालवालाच अशोक समजतात. दोन्ही झाडे एकमेकांपासून वीस पावलांवर असल्याने हा गैरसमज दूर करण्यासाठी याहून चांगली जागा मिळणार नाही.

रक्तकांचन बहरात आहे. त्याच्या पाच पाकळ्यांपैकी वरच्या एकीवर गडद रंगाची नक्षी असते, आणि पराग देणारे पुंकेसर पाच असतात. हिवाळ्यात फुलणाऱ्या देवकांचनात ते तीन असतात, त्यामुळे दोघांत गोंधळ झाल्यास फूल तोडण्याची गरज नाही, केसर मोजले की पुरे. शिवण आणि करंज यांची नोंद तक्त्यात आहे, विशेष काही नाही.

१३ मार्च

वायवर्ण पांढऱ्यावरून पिवळसर होऊ लागला आहे. जांभळट केसरांमुळे त्याचा प्रत्येक झुबका दुरून कोळ्याच्या जाळ्यासारखा भासतो. वाटेवरील धायटीच्या झुडपांना लालभडक नळीसारखी फुले खोडाच्या बुंध्यापासून टोकापर्यंत लागली आहेत. ही झुडपे कमरेएवढी असल्याने शिंजीर डोळ्यांच्या पातळीवर दिसतो, आणि लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठी वाटेवरील ही सर्वांत सोयीची जागा आहे.

क्रमांक १२ या काटेसावरीची खालची फांदी कोणीतरी छायाचित्रासाठी ओढून मोडली आहे. पंधरा-वीस कळ्या तिच्यासह गेल्या. वाईट वाटले. माळीकाकांनी एक उपाय सुचवला आणि तो आजच अमलात आणला: झाडाजवळच्या सपाट दगडावर त्या सकाळी गळलेली ताजी फुले मांडून ठेवायची, म्हणजे ज्याला फूल हातात घ्यायचे आहे त्याला ते विनासायास मिळेल. आम्ही तिथे असेतोपर्यंत आलेल्या सर्वांनी दगडावरचीच फुले उचलली.

१८ मार्च

नियोजनाबाहेरची फेरी. काल संध्याकाळी अवकाळी पाऊस आणि वारा झाला. आज सकाळी पळस क्रमांक १५ चा जवळजवळ निम्मा फुलोरा जमिनीवर होता. तक्त्यात ही अवस्था ‘ओसर’ अशी लिहावी का, असा प्रश्न आला. झाड आपल्या क्रमाने ओसरलेले नाही, त्यामुळे तसे लिहिणे चुकीचे ठरेल असे मला वाटले, आणि ‘बहर, पावसाने झडलेला’ अशी स्वतंत्र नोंद केली. फांद्यांवर न उमललेल्या कळ्या शिल्लक आहेत.

पावसाचा एक परिणाम मात्र सुंदर होता. वळणावरच्या कुसुमाच्या झाडावरील कोवळी पालवी धुऊन निघाल्यामुळे इतकी लाल दिसत होती की समोरून येणाऱ्या एका कुटुंबाने ती फुले समजून त्यांचे नाव विचारले. कुसुमाची फुले बारीक, हिरवट असतात आणि सहसा कोणाच्या नजरेत भरत नाहीत. वाटेवरील चैत्रपालवीचा खरा मान या झाडाचा आहे, म्हणून फुलांच्या फलकावर पानांसाठी एक ओळ राखून ठेवण्यास सर्वांची संमती घेतली.

२५ मार्च

पहाटे पाच वाजता विजेरी घेऊन क्रमांक २१ या कुंभ्यापाशी गेलो. हे झाड रात्री फुलते आणि सकाळच्या नेहमीच्या फेरीत त्याखाली फक्त गळलेल्या केसरांचे झुबके सापडत होते, त्यामुळे सलग तीन नोंदींत उमललेले फूल दिसलेच नव्हते. आज दिसले. हिरवट पांढऱ्या चार पाकळ्यांमधून असंख्य लांब केसर सर्व बाजूंना पसरलेले, बुडाशी लालसर, टोकाकडे पांढरे, आणि हवेत जड, काहीसा उग्र वास. उजाडू लागले तसे झुबके एकेक करून, संपूर्ण कड्यासह, जमिनीवर पडू लागले. प्रत्येक पडण्याचा हलका आवाज शांततेत ऐकू येत होता. आम्ही तिघे बराच वेळ काही न बोलता उभे होतो.

थोड्या अंतरावरील मोहाचेही तसेच आहे. त्याची मांसल, फिकट पाकळ्यांची फुले पहाटेच गळून पडतात. उजाडल्यावर येणाऱ्याला या दोन झाडांचा फुलोरा जमिनीवरच वाचावा लागतो, ही सूचना फलकावर ठळकपणे द्यायला हवी.

२ एप्रिल

पळसांच्या तारखा एकत्र मांडल्या. क्रमांक १४ वर पहिले फूल १७ फेब्रुवारीला, १५ वर २१ फेब्रुवारीला आणि १९ वर थेट ५ मार्चला नोंदले गेले. एकाच वाटेवरील, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावरील तीन झाडांत इतका फरक आहे. १४ आणि १५ उघड्या, दक्षिणेकडील उतारावर आहेत, १९ ओढ्यालगत, उशिरापर्यंत पाने टिकवून होते. तीन झाडांवरून नियम बांधणे योग्य नाही, परंतु ‘पळस अमुक तारखेला फुलतो’ असे फलकावर लिहिता येणार नाही, एवढे निश्चित झाले. त्याऐवजी वाटेच्या तोंडाशी दिसणाऱ्या क्रमांक १४ ला खुणेचे झाड मानायचे ठरले. त्यावर पहिले फूल आले की खडूने तारीख लिहायची, आणि त्या तारखेपासून कोणत्या झाडाकडे किती दिवसांनी जावे ते खाली दिलेले असेल.

६ एप्रिल

शेवटची फेरी. भोरड्या गेल्या बहुधा, आज एकही दिसली नाही. काटेसावरीवर हिरवी बोंडे धरली आहेत, गिरिपुष्पाला पाने आली आहेत आणि बागेत नीलमोहराची पहिली फुले वाटेवर पडली आहेत. फलकाचा मजकूर माळीकाकांना वाचून दाखवला. त्यांनी ‘कान देऊन ऐकावे’ या ओळीपुढे ‘सकाळी आठच्या आत’ एवढी भर घालायला सांगितली, ती घातली.

२४ पैकी २३ झाडांचे रकाने भरले. क्रमांक १७ हा पळस या मोसमात फुललाच नाही. पहिल्या फेरीपासून आजपर्यंत त्याच्यापुढे ‘कळी नाही’ हीच नोंद आहे. खोड निरोगी आहे, सालीला इजा नाही, आणि आज त्याच्या फांद्यांच्या टोकांना लव असलेली, तांबूस झाक असलेली कोवळी पाने तीन-तीनच्या जोडणीने उघडलेली दिसली. इतर सर्व झाडांच्या चिठ्ठ्या सोडवून घेतल्या. १७ ची तशीच ठेवली आहे, फक्त दोरी बदलून थोडी अधिक सैल बांधली.